अंतराळयानाची प्रतिकृती : रंग कसे निवडायचे?



विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक तरी रॉकेट असतंच. थर्माकोलचं, पुठ्ठ्याचं, नाहीतर पाण्याच्या रिकाम्या बाटलीचं. आकार बहुधा बरा जमलेला असतो. रंग मात्र घरात जे उरलेले असतील ते. टोकाला लाल, मध्ये निळा, खाली चंदेरी आणि वरून चमकी. परीक्षक येतात, माहिती ऐकतात आणि सहज विचारतात, "हा रंग का दिला?" तोपर्यंत भराभर बोलणारा विद्यार्थी इथे अडतो. "चांगला दिसतो म्हणून," एवढंच उत्तर येतं.

चांगलं दिसणं हे काही वाईट कारण नाही. पण यानाच्या बाबतीत ते शेवटचं कारण असावं, पहिलं नको. यान कशाचं बनलंय, ते कुठे जाणार, त्याला किती ऊन लागणार, त्याच्यावर काय गुजरलंय, हे सगळं रंगातून कळतं. म्हणून रंग निवडणं हे चित्रकलेचं काम जितकं, तितकंच ते वाचनाचं आणि विज्ञानाचंही काम आहे.

या पाठात आपण विज्ञानकथेतलं एक प्रसिद्ध यान घेऊ, त्याची छोटी प्रतिकृती डोळ्यांसमोर ठेवू आणि तिचा एकेक रंग कारण देऊन ठरवू. लागणारं सामान हार्डवेअरच्या आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. महागडा किट लागत नाही.

आधी खरी यानं पाहू

कथेतल्या यानाकडे जाण्याआधी खऱ्या यानांना रंग कसा मिळतो ते बघू या. चार उदाहरणं पुरे.

१) सोनेरी. भारताचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालं. चांद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलं. दोघांचे फोटो पाहिले तर अंगावर सोन्याचा पत्रा चढवल्यासारखं वाटतं. पण ते सोनं नव्हे. पिवळसर प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचा थर, असे अनेक पडदे एकावर एक ठेवून यानाला गोधडीसारखे गुंडाळतात. उन्हाची उष्णता आत शिरू नये आणि आतली ऊब बाहेर जाऊ नये, हे त्या गोधडीचं काम. सोनेरी दिसणं हा फक्त त्याचा परिणाम.

२) पांढरा आणि काळा. माणसांना चंद्रावर नेणारं अमेरिकेचं सॅटर्न-५ रॉकेट पांढरं होतं आणि त्यावर काळे पट्टे होते. उडताना रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय हे कॅमेऱ्यातून कळावं म्हणून ते पट्टे. नुसत्या पांढऱ्या नळकांड्याचं फिरणं डोळ्याला कळत नाही. घरी एका पांढऱ्या पेल्यावर पट्टा काढून फिरवून पाहा, लगेच पटेल.

३) खालून काळा. अमेरिकेचं स्पेस शटल वरून पांढरं आणि पोटाकडून काळं होतं. परत येताना पोटाचा भाग प्रचंड तापायचा. काळा पृष्ठभाग ती उष्णता लवकर बाहेर फेकतो.

४) रंगच नाही. याच शटलची इंधनाची मोठी टाकी १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवली होती. पुढे रंग देणंच बंद केलं. त्यामुळे सुमारे २७० किलो वजन वाचलं. त्यानंतरच्या फोटोंत टाकी नारिंगी-तपकिरी दिसते. तो तिच्यावरच्या उष्णतारोधक फेसाचा स्वतःचा रंग.

बघा, चारही ठिकाणी रंगाला कारण आहे. कुठे उष्णता, कुठे नजर, कुठे वजन. आता हीच नजर घेऊन कथेत शिरू.

आपलं यान : ज्यूल व्हर्नचा तोफगोळा

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८६५ साली चंद्राच्या प्रवासावर एक कादंबरी लिहिली. 'फास्टर फेणे'चे लेखक भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या, त्यांत ही गोष्ट 'चंद्रावर स्वारी' या नावाने आली. शाळेच्या वाचनालयात शोधून पाहा.

व्हर्नच्या काळात रॉकेटने चंद्रावर जायचं कोणाच्या डोक्यात फारसं नव्हतं. म्हणून कथेतली माणसं काय करतात, तर अमेरिकेच्या फ्लोरिडा भागात जमिनीत ९०० फूट खोल तोफ ओततात आणि त्या तोफेतून एक पोकळ गोळा चंद्राकडे डागतात. गोळ्यात तीन माणसं बसलेली असतात : बार्बिकेन, निकोल आणि मिशेल आर्दां. सोबत दोन कुत्री आणि काही कोंबड्या. (इतक्या अचानक धक्क्याने खरं तर आतलं कोणीच वाचलं नसतं. पण ती गोष्ट आहे, आणि आपण तिचं यान रंगवतोय.)

मूळ कादंबरीत या यानाचं वर्णन इतकं बारकाईने केलंय की रंगवणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं. आपल्याला हवं ते वेचून घेऊ :

• गोळा ॲल्युमिनियमचा आहे.
• बाहेरून ९ फूट रुंद आणि १२ फूट उंच. खाली नळकांडं, वर शंकूसारखं टोक.
• वजन १९,२५० पौंड.
• चार गोल खिडक्या : दोन भिंतीत, एक तळाला, एक टोकाला. त्यांवर धातूची झाकणं, जी प्रवास सुरू झाल्यावर आतून उघडायची.
• आतल्या भिंतींना चामड्याची जाड गादी.
• तयार होऊन आला तेव्हा तो उन्हात झळकत होता.

एवढ्या मजकुरातून रंग काढायचे आहेत. वहीत डावीकडे "पुस्तकात काय म्हटलंय" आणि उजवीकडे "म्हणून कोणता रंग" असे दोन रकाने आखा. हीच पुढे तुमची प्रकल्पवही होईल.

माप ठरवू

रंगाआधी माप का? कारण मापावर रंग अवलंबून असतो. कसं ते पुढे येईलच.

९ फूट म्हणजे १०८ इंच. १:३६ हे प्रमाण घेतलं तर १०८ ÷ ३६ = ३ इंच रुंदी. १२ फूट म्हणजे १४४ इंच, त्याची ४ इंच उंची. ३ इंच म्हणजे ७६ मिलिमीटरच्या आसपास. नळाच्या दुकानात ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, त्याचा तुकडा जवळजवळ बरोबर बसतो. पाइपचा सुमारे साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा आणि वर कार्डशीटचा साडेतीन सेंटिमीटरचा शंकू, झालं यान. शेजारी पुठ्ठ्याचा माणूस उभा करा. साडेपाच फुटांचा माणूस या मापात साधारण पावणेपाच सेंटिमीटरचा होतो. हा छोटा माणूस नसेल तर पाहणाऱ्याला यान केवढं होतं ते कळतच नाही.

मुख्य रंग : जर्मनच्या भांड्याचा

ॲल्युमिनियम म्हटलं की बहुतेक जण चंदेरी रंगाचा डबा उचलतात. थांबा. आधी खरं ॲल्युमिनियम बघा. ते तुमच्या स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे ज्याला जर्मनचं भांडं म्हणतात, ते ॲल्युमिनियमचंच. त्याच्या शेजारी स्टीलचा डबा ठेवा आणि दोन्ही खिडकीपाशी न्या. स्टीलमध्ये किंचित निळसर, थंड झाक दिसेल आणि तोंडही दिसेल. जर्मनचं भांडं जास्त पांढुरकं, मऊ चमकेचं. आपल्याला ही दुसरी चमक हवी.

आता एक गंमत. विदर्भात स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्याला गंज म्हणतात आणि लोखंडावर चढतो त्यालाही गंजच म्हणतात. पण जर्मनच्या गंजाला गंज चढत नाही! ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे एक पातळ, चिवट थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. तो थर लाल नसतो, त्याने फार तर धातू करडा-मळकट दिसतो. म्हणून व्हर्नच्या यानावर तपकिरी गंजाचे ओघळ काढायचे नाहीत. जुनं दाखवायचंय म्हणून अनेक मुलं सगळ्याच यानांवर गंज काढतात. लोखंडाच्या यानावर तो शोभेल, इथे तो विज्ञानाची चूक ठरेल.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आज जर्मनचं भांडं स्वस्त. पण १८६५ साली ॲल्युमिनियम ही श्रीमंती होती. फ्रान्समध्ये सँत-क्लेअर देव्हिल यांनी १८५४ च्या सुमारास ते मोठ्या प्रमाणात बनवायची रीत काढली, तरी ते महागच राहिलं. कादंबरीत त्याचा भाव पौंडाला ९ डॉलर सांगितलाय. १९,२५० ला ९ ने गुणा आणि पाहा नुसत्या धातूचे किती डॉलर होतात. १८८६ साली विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं करण्याची पद्धत सापडली आणि मग ते स्वस्त होत होत आपल्या चुलीपर्यंत आलं. एवढा महाग धातू व्हर्नने का निवडला? तो लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा असतो म्हणून. म्हणजे इथेही रंगामागे वजन आहे, शटलच्या टाकीसारखंच.

त्या काळच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर या यानाची झळाळी दागिन्यासारखी आली असेल. तेव्हा आपलं यान मळकं रंगवून चालणार नाही. नवं, स्वच्छ, झळकतं. निदान उड्डाणापूर्वी तरी.

कोणता क्षण?

"निदान उड्डाणापूर्वी तरी" असं म्हटलं, कारण यानाचा रंग एकच नसतो. सकाळी शाळेत जाताना तुमचा गणवेश आणि संध्याकाळी कबड्डी खेळून आल्यावरचा गणवेश यांत जसा फरक, तसाच. म्हणून रंगवण्याआधी क्षण ठरवा. आपल्या यानाचे दोन क्षण सोपे आहेत.

पहिला : तोफेत उतरवण्याआधी. खिडक्यांची झाकणं बंद. म्हणजे खिडकीच्या जागी काच नाही, धातूच. फक्त गोल कड दिसेल. ती करड्या रंगाच्या बारीक रेषेने काढा.

दुसरा : अंतराळात. झाकणं उघडी. आता खिडकी गडद दिसेल, कारण आतला भाग बाहेरच्या उन्हाच्या मानाने अंधारा असतो. इथे आकाशी निळा देऊ नका. आपल्या घराच्या खिडकीच्या काचेत आभाळाचं प्रतिबिंब पडतं म्हणून ती निळी दिसते. अंतराळात आभाळ निळं नाही, काळंच आहे. काळ्यात थोडा तपकिरी मिसळून खिडकी भरा, कारण आत चामड्याची गादी आहे. सुकल्यावर त्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक थेंब सोडा, काच झाली.

दोन क्षण एकाच यानावर मिसळले की गडबड होते.

तळाला काजळी द्यायची का?

दुसरा क्षण निवडला तर हा प्रश्न येतोच. तोफेतून उडालेला गोळा, म्हणजे तळ काळा कुळकुळीत असणार, असं आपलं मन म्हणतं. चुलीवर चढवलेल्या जर्मनच्या भांड्याचं बूड आपण पाहिलेलं असतं ना! नमुना तयारच आहे, काळा रंग घ्या आणि फासा.

पण पुस्तकाकडे परत जा. तोफेत काय भरलं होतं? साधी बंदुकीची दारू नव्हे. कापसावर आम्लांची प्रक्रिया करून बनवलेलं एक स्फोटक, ज्याला गनकॉटन म्हणतात, ते व्हर्नने वापरलंय. ४ लाख पौंड. साधी दारू जळली की तिचा बराचसा भाग घन कणांच्या रूपात उरतो, म्हणून दाट धूर होतो आणि तोफेला काजळी धरते. गनकॉटन जळताना जवळजवळ सगळं वायूत जातं, धूर आणि राख फारच थोडी.

मग तळ काळाकुट्ट कसा होईल? नाही होणार. चुलीचं भांडं रोज लाकडाच्या धुरात बसतं, आपलं यान क्षणभर बिनधुराच्या स्फोटावर बसलं. तेव्हा तळाशी हलका, धुरकट करडा. तोही खालच्या कडेला जास्त आणि वर जाताना विरत जाणारा. कोरड्या ब्रशवर अगदी थोडा करडा घ्या, कागदावर पुसून टाका आणि उरलेला रंग हलक्या हाताने घासा.

कोणी म्हणेल, तापल्यामुळे निळी-सोनेरी झाक दाखवू या का? मोटरसायकलच्या सायलेन्सरजवळ तशी झाक दिसते. पण ती स्टीलसारख्या धातूंवर येते. ॲल्युमिनियम तापलं तरी तसे रंग दाखवत नाही. म्हणून तीही नको.

या एका तळाच्या रंगासाठी आपण किती विचार केला पाहा. पाहणाऱ्याला कदाचित फक्त थोडासा करडा पट्टा दिसेल. पण परीक्षकांनी "इतका स्वच्छ कसा?" विचारलं तर तुमच्याकडे सांगायला रसायनशास्त्र आहे. हीच या कामातली कमाई. सवयीने हात काळ्या रंगाकडे जात होता, वाचनाने तो थांबवला.

मापाचा रंगावर परिणाम

आता मघाशी राहिलेली गोष्ट. आपलं यान ३६ पट लहान आहे. म्हणजे त्यावरची प्रत्येक गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात ३६ पट मोठी होते.

चमकीचा कण अर्धा मिलिमीटरचा असतो. ३६ ने गुणा : १८ मिलिमीटर. खऱ्या यानावर पावणेदोन सेंटिमीटरचे चकचकीत खडे चिकटवल्यासारखं ते दिसेल. म्हणून चमकी नको. स्वयंपाकाची चंदेरी फॉइल चिकटवावी असं वाटेल, पण तिला एक मिलिमीटरची सुरकुती पडली की ती साडेतीन सेंटिमीटरची घडी झाली. रंगाचा थर जाड, म्हणजे ब्रशचे ओघळ दोरखंडाएवढे. म्हणून रंग पातळ करायचा आणि दोन-तीन हात द्यायचे, एकाच हातात सगळं झाकायचं नाही.

अंतरही असंच बदलतं. टेबलावरचं यान आपण अर्ध्या मीटरवरून बघतो. ३६ ने गुणलं की १८ मीटर. म्हणजे १८ मीटर दूर उभं राहून खरं यान बघावं तसा तो देखावा. तेवढ्या अंतरावरून बारीक स्क्रू दिसत नाहीत, फक्त मोठे जोड दिसतात. म्हणून सगळीकडे काळ्या रेघोट्या ओढू नका. जोडाची रेष करड्या रंगाने, पातळ.

शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा जपून वापरा. छोट्या वस्तूवर शुद्ध काळा दिला की त्या जागेचा आकारच हरवतो, भोक पडल्यासारखं दिसतं. शुद्ध पांढरा दिला की खोलीतल्या उजेडात बारकावे पुसले जातात. काळ्याऐवजी गडद करडा आणि पांढऱ्याऐवजी किंचित करडा मिसळलेला पांढरा घ्या. शुद्ध रंग राखून ठेवा, फक्त सगळ्यात खोल आणि सगळ्यात उजळ ठिपक्यासाठी.

सजावट करायचीच नाही का?

सगळंच कारणाने ठरवायचं तर मजा कुठे राहिली, असं तुम्हाला वाटेल. हा वाद व्हर्नच्या गोष्टीतही आहे. यान पाहून मिशेल आर्दां थोडा हिरमुसतो. टोक जरा डौलदार हवं होतं, वर धातूची नक्षी हवी होती, एखादा पंख पसरलेला काल्पनिक प्राणी हवा होता, असं त्याचं म्हणणं. बार्बिकेनला कळत नाही की त्याचा उपयोग काय. आर्दांला कळत नाही की असा प्रश्न पडतोच कसा.

आपल्याकडे हा वाद कोणाला समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल घेऊन मुलं निघतात. एकाची शिंगं लाल, दुसऱ्याची सोनेरी, कोणाच्या पाठीवर निळी झूल. खऱ्या बैलाची शिंगं सोनेरी नसतात, पण तिथे कोणी कारण विचारत नाही, कारण तो दिवस बैलाच्या कौतुकाचा असतो. तो लाकडी बैलही एक प्रतिकृतीच. तिचं काम वेगळं म्हणून रंगाचा नियम वेगळा.

तेव्हा आर्दांची बाजू अगदीच सोडू नका. आपल्या यानावर एक जागा सजावटीला द्या, एकच. टोकाच्या खिडकीभोवती एक बारीक लाल कडं, किंवा दोन्ही भिंतींवर एखादं छोटं चिन्ह. सगळं यान करडं-चंदेरी असल्यामुळे ते एक कडं लांबून नजर धरतं. दहा ठिकाणी लाल दिला तर एकही दिसत नाही. आणि कोणी कारण विचारलंच तर बेधडक सांगा : हे आर्दांच्या हट्टाखातर.

रंगवण्याचा क्रम

१) पाइपचा तुकडा साबणाने धुवा, वाळवा, पॉलिश पेपरने घासा. गुळगुळीत प्लास्टिकवर रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात.
२) कार्डशीटच्या शंकूला पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या, म्हणजे कागद रंग पिणार नाही.
३) दोन्ही जोडून प्रायमर द्या. पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या वॉल प्रायमरमध्ये थोडा काळा ॲक्रिलिक घालून करडा करा. चंदेरी रंगाखाली गडद थर असला की धातूची खोली येते. खाली पांढरं राहिलं तर चंदेरी फिका, कागदी दिसतो.
४) पूर्ण वाळल्यावर मेटॅलिक सिल्व्हर ॲक्रिलिक, त्यात अगदी थोडा पांढरा. पातळ दोन-तीन हात.
५) जोडांच्या रेषा, खिडक्या, हवा असेल तर तळाचा धुरकट करडा.
६) शेवटी लाल कडं.

एक इशारा. काही जण यान थर्माकोलचं करतात आणि प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्यावर स्प्रे मारतात किंवा गेटला लावायचा चंदेरी ऑइल पेंट देतात. त्या रंगातलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. पाहता पाहता यानाला खड्डे पडतात आणि रात्रीत दुसरं करायला वेळ नसतो. थर्माकोलला पाण्याचे रंगच द्या : पोस्टर किंवा ॲक्रिलिक. आणि कुठलाही नवा रंग आधी उरलेल्या तुकड्यावर लावून बघा. स्प्रे वापरायचाच असेल तर मोठ्यांच्या समोर, उघड्यावर, तोंडाला रुमाल बांधून आणि विस्तवापासून लांब.

उजेड तपासा

घरी उन्हात छान दिसलेलं यान हॉलमध्ये निराळं दिसतं. पिवळ्या बल्बखाली चंदेरी रंग सोनेरीकडे झुकतो, पांढऱ्या ट्यूबखाली निळसर होतो. झाडीपट्टीतल्या नाटकांचे रंगवलेले पडदे दिवसा जवळून बघा आणि रात्री दिव्यांत लांबून बघा, तोच पडदा दुसरा वाटतो. रंगवणाऱ्याने तो रात्रीसाठी रंगवलेला असतो. तुम्हीही यान जिथे मांडणार तिथल्यासारख्या उजेडात रंगाचा नमुना तपासा. उन्हात ठरवू नका.

स्वतःच्या कल्पनेतलं यान असेल तर

तेव्हा पुस्तक तुम्हीच आहात. आधी यानाची पाच ओळींची गोष्ट लिहा : कशाचं, किती जुनं, कुठून आलं, काय वाहून नेतं. मग रंग. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातली यानं मळकी, ओरखडलेली दिसतात, कारण त्या गोष्टीत ती वर्षानुवर्षं राबलेली आहेत. १९६६ ते १९६९ या काळातल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतलं यान स्वच्छ करडं आहे. त्याची ११ फुटी मूळ प्रतिकृती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पूर्वी तिच्यावर पुन्हा रंगकाम झालं होतं. अलीकडे तिची डागडुजी करताना तज्ज्ञांनी मूळ रंग शोधला तो तबकडीच्या वरच्या भागावरून, कारण तिथला जुना रंग शिल्लक होता. मोठमोठे तज्ज्ञसुद्धा रंग मनाने ठरवत नाहीत, पुरावा शोधतात.

राबलेलं यान रंगवायचं असेल तर देवरीच्या मुलांना शिकायला लांब जावं लागत नाही. आपल्या गावातूनच मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. छत्तीसगडकडून आलेला एखादा ट्रक धाब्यावर उभा असेल तेव्हा सुरक्षित जागी थांबून बघा. धूळ कुठे बसलीय? चाकांच्या मागे आणि खाली. रंग कुठे उडालाय? दाराच्या कडीपाशी, पायरीवर, जिथे रोज हात-पाय लागतात. गंजाचे ओघळ कोणत्या दिशेने? खाली, पाणी जाईल तसे. डिझेलची काजळी फक्त धुराड्याच्या आसपास. वहीत चित्र काढून प्रत्येक डागाशेजारी कारण लिहा. हे डाग जिथे कारण आहे तिथेच यानावर उतरवा. आणि ज्या यानाने कधी पाऊस पाहिला नाही, त्यावर ओघळ येतील का, हाही विचार करा!

परीक्षकांसाठी तयारी

यानाशेजारी एक छोटा तक्ता ठेवा. चार ओळी पुरेत :

• चंदेरी-करडा : ॲल्युमिनियम, लोखंडाहून हलकं.
• खिडक्या गडद : झाकणं उघडी, आत अंधार, बाहेर काळं आभाळ.
• तळ हलका धुरकट : गनकॉटन जळताना काजळी फारच थोडी.
• लाल कडं : सजावट, मिशेल आर्दांसाठी.

आता "हा रंग का दिला?" या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. उलट कोणी विचारलं नाही तर तुम्हालाच चुकल्यासारखं वाटेल.

स्वाध्याय

१) व्हर्नचं यान १:१२ या प्रमाणात केलं तर रुंदी आणि उंची किती इंच होईल? साडेपाच फुटांचा माणूस किती इंचांचा होईल?
२) घरातली स्टीलची, जर्मनची, पितळेची आणि लोखंडाची एकेक वस्तू शेजारी ठेवा. प्रत्येकीची चमक आणि जुनेपणाची खूण दोन ओळींत लिहा.
३) चांद्रयान-३ च्या लँडरची प्रतिकृती करायची आहे. सोनेरी भाग कशाने दाखवाल? चमकी का वापरणार नाही, ते आकडेमोडीसह सांगा.
४) व्हर्नने गनकॉटनऐवजी साधी दारू वापरली असती तर आपल्या प्रतिकृतीच्या रंगात कोणता बदल करावा लागला असता?
५) बार्बिकेन आणि आर्दां यांच्यात सजावटीवरून झालेला वाद आपल्या शब्दांत संवादरूपाने लिहा. तुम्ही कोणाच्या बाजूने, तेही शेवटी लिहा.